कपाटात ठेवलेला रिपोर्ट



या महिन्यात अभ्यासाच्या आणि परीक्षेच्या गोष्टी बाजूला ठेवते. एका आजाराबद्दल लिहायचे आहे. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, डॉक्टर नाही. म्हणून इथे जे लिहिले आहे ते आमच्या घरात घडलेले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आणि वाचून पडताळलेले आहे. आजाराचे नाव हिपॅटायटिस सी.

माझ्या खाला नालासोपाऱ्यात राहतात. वय साठीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. ऑपरेशनआधी रक्त तपासतात, तसे तपासले. रिपोर्टमध्ये एका ओळीपुढे लिहिले होते, ‘अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’. तिथे कोणी नीट समजावले नाही. ‘लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा,’ एवढेच सांगितले. घरी आल्यावर कोणीतरी म्हणाले, ‘हा एड्ससारखाच असतो.’ झाले! धाकट्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. खालांनी रिपोर्ट कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि तो आठ महिने तिथेच राहिला.

कुजबुज मात्र घरभर झालीच. खालांचा चहाचा कप वेगळा झाला. दस्तरख्वानवर त्यांची प्लेट बाजूला लागू लागली. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी ‘तहान नाही’ म्हणून तो परत ठेवला. खालांनी ओळखले, पण काही बोलल्या नाहीत. आज लिहिताना मला सर्वांत जास्त लाज त्या ग्लासाची वाटते, कारण माझी भीती निव्वळ अज्ञान होते.

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने, गळाभेट घेतल्याने, खोकल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो पसरत नाही. आई बाळाला दूधही पाजू शकते. फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते बरे होईपर्यंत थांबायचे. पती-पत्नीत तो पसरण्याची शक्यता फार कमी असते. घरात वेगळे ठेवायचे ते एवढेच: दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि साखर तपासण्याची सुई. म्हणजे ज्यावर रक्ताचा कण लागू शकतो त्या वस्तू. कप आणि प्लेट नव्हे.

मग खालांना हा आजार आला कुठून? डॉक्टरांनी जुन्या गोष्टी विचारल्या. १९९३ मध्ये बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता आणि दोन बाटल्या रक्त चढवले होते. या विषाणूचा शोधच मुळी १९८९ मध्ये लागला. त्याच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल मिळाले. आपल्याकडे रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ च्या सुमारास. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनी आणि रक्त देणाऱ्यांनीही काही गुन्हा केला नव्हता. कोणालाच माहीत नव्हते.

अमिताभ बच्चन यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. १९८२ मध्ये ‘कुली’च्या शूटिंगमध्ये, इक्बालची भूमिका करताना, ते जबर जखमी झाले. अनेकांचे रक्त त्यांना चढवले गेले आणि त्यातून हिपॅटायटिस बी आला. तो बी, हा सी. विषाणू वेगळे, पण वाट तीच. तो लक्षात आला तब्बल अठरा वर्षांनी, साध्या तपासणीत. तोवर लिव्हरचा पाऊण भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला ते सांगायला लाज वाटली नाही, आणि आपण साधा रिपोर्ट लपवतो.

इतकी वर्षे कळत कसे नाही, असा प्रश्न पडेल. आपल्याला वाटते, लिव्हरचा आजार म्हणजे डोळे पिवळे, लघवी पिवळी. मग गळ्यात काविळीची माळ घालायची, हळद-तेल बंद करायचे. पण हिपॅटायटिस सीमध्ये बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. लिव्हर आतून दुखत नाही, ते गुपचूप सोसते. लागण झालेल्या शंभर जणांपैकी साधारण तीस जणांचे शरीर सहा महिन्यांत विषाणूला स्वतःच हुसकावून लावते. उरलेल्या सत्तर जणांत तो मुक्काम ठोकतो. थकवा येतो, भूक मंदावते, पण ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. आतमध्ये मात्र लिव्हरवर व्रण पडत जातात. जखम भरल्यावर जशी कडक खूण राहते, तशा खुणांनी मऊ लिव्हर हळूहळू कडक आणि गाठाळ होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मुक्काम ठोकलेल्या शंभरांपैकी पंधरा ते तीस जणांना वीस वर्षांत ही वेळ येते. सिऱ्होसिस म्हणजे दारूच, असा समज आहे. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही त्यांनाही तो होतो. खालांबद्दल कोणी वाईट शंका घेऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आठ महिन्यांनी खालांचे पाय सुजले आणि पोट फुगले. पोटात पाणी झाले होते. तेव्हा कुठे कपाट उघडले, रिपोर्ट बाहेर आला आणि आम्ही पहाटेची विरार लोकल पकडून मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिली गोष्ट समजावली ती मी माझ्या भाषेत सांगते. शाळेत दोन वह्या असतात. जनरल रजिस्टरमध्ये शाळेत कधीही दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव असते, तो कधीच शाळा सोडून गेला तरी. हजेरीपटावर मात्र आज वर्गात कोण आहे ते कळते. ‘अँटी-एचसीव्ही’ तपासणी म्हणजे जनरल रजिस्टर. विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढेच ती सांगते. ‘एचसीव्ही आरएनए’ किंवा व्हायरल लोड म्हणजे हजेरीपट. विषाणू आज रक्तात आहे की नाही, ते तिथे कळते. पहिल्या रिपोर्टवरून घाबरून बसू नका आणि तो विसरूनही जाऊ नका. दुसरी तपासणी करा. बरे झाल्यावरही पहिली तपासणी आयुष्यभर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येऊ शकते. त्याचा अर्थ आजार परत आला असा नाही. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांनी आरएनएचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवावा.

खालांच्या रक्तात विषाणू होता. सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन झाले, प्लेटलेट मोजल्या, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बीण घातली. हिपॅटायटिस बीची तपासणीही औषधाआधी करतात, कारण सीवरच्या उपचारात दबलेला बी डोके वर काढू शकतो.

आता उपचार. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, उदासी असे हाल होत आणि तरीही बरे होण्याची खात्री नसे. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुव्हिर ही गोळी आली. एका गोळीची किंमत १००० डॉलर, बारा आठवड्यांच्या कोर्सची ८४,००० डॉलर! पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. त्या कंपन्यांत सिप्ला होती, जी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये आपल्या मुंबईत सुरू केली.

आज लिव्हर फारसे बिघडलेले नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटासव्हिर रोज एकदा, बारा आठवडे. सिऱ्होसिस असेल तर साधारणपणे सोफोसबुव्हिर आणि वेलपाटासव्हिर. शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. लिव्हर फार बिघडले असेल तर हे प्रमाण थोडे कमी होते. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या ‘राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमा’त तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन याच नावाने विचारा. यासाठी दागिने मोडायची गरज नाही.

खालांना मात्र चोवीस आठवडे लागले. पोटात पाणी झाले होते, आणि जोडीला द्यायचे रिबाव्हिरिन त्यांच्या कमी हिमोग्लोबिनमुळे झेपणार नव्हते. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘आठ महिने आधी आला असता तर कदाचित पाणी होण्याआधीच औषध सुरू झाले असते.’ खाला माझ्याकडे बघून खाली बघू लागल्या.

औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासले. विषाणू नव्हता. अल्हम्दुलिल्लाह. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. विषाणू गेला म्हणजे सिऱ्होसिसही गेला असे नाही. अशा लिव्हरमध्ये पुढे कॅन्सर होण्याचा धोका उरतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. बरे झालो म्हणून ती सोडू नका. खालांना मीठ कमी करायला सांगितले आहे. लोणचे, पापड बंद, आणि वसईच्या माणसाला सर्वांत जड जाते ते सुकट-बोंबीलही बंद. हळद मात्र चालते. डाळ, अंडी, ताजी मासळी चालते, उलट ती हवीच. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. वेलपाटासव्हिर चालू असताना अ‍ॅसिडिटीची गोळीही विचारूनच, कारण तिच्यामुळे औषध नीट शोषले जात नाही. आणि सिऱ्होसिसच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शौच झाली किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रमजानबद्दल अनेक जण विचारतात. लिव्हर चांगले असेल तर दिवसातून एकदाच घ्यायची ही गोळी सहरीला किंवा इफ्तारला, रोज ठरलेल्या वेळी घेता येते. सिऱ्होसिस असेल तर लांब उपाशी राहणे अपायकारक ठरू शकते. तिथे आधी डॉक्टरांना विचारा, मग रोजाचे ठरवा.

आणि बचाव? या विषाणूवर लस नाही. लस आहे ती बीवर. म्हणून सुई आणि पाते यांवर नजर ठेवायची. दवाखान्यात सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. ‘सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही’ ही सवय सोडा. सलूनमध्ये नवे ब्लेड मागा. हिजामाचे पाते आणि कप प्रत्येकाला नवे हवेत. खतना आणि नाक-कान टोचणे निर्जंतुक साधनांनीच. हज-उमराहला जाणाऱ्यांनी हल्क करताना रस्त्यात वस्तरा घेऊन बसलेल्याकडे न जाता परवाना असलेल्या न्हाव्याकडे जावे आणि नवे पाते लावताना पाहावे.

सुईची चूक किती महाग पडते ते इजिप्तने पाहिले. तिथे १९५० च्या दशकापासून बिल्हार्झिया या रोगावर खेडोपाडी इंजेक्शने दिली गेली. सुया पुन्हा पुन्हा वापरल्या आणि देशभर हिपॅटायटिस सी पसरला. पण त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची सात महिन्यांत तपासणी केली, सापडलेल्यांना मोफत औषध दिले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या कामाचा गौरव केला. लोक रांगा लावून तपासणीला आले, लपून बसले नाहीत, म्हणून हे जमले.

तुमच्या घरात २००१ पूर्वी रक्त चढवलेले कोणी आहे का? डायलिसिसवर किंवा थॅलेसेमियामुळे वरचेवर रक्त घेणारे कोणी? कधी नशेची सुई वापरलेला मुलगा? त्यांची एकदा तपासणी करून घ्या.

रिश्त्याचे काय झाले, हे विचाराल. मुलाकडच्यांना आम्ही सगळे खरे सांगितले. मुलाच्या वालिदांनी एकच प्रश्न केला, ‘दवा चालू आहे ना?’ निकाह ठरल्या तारखेला झाला. ज्या भीतीने आठ महिने घालवले ती भीती अशी एका वाक्यात संपली. लिव्हरवरचे व्रण मात्र राहिले.

परवा खालांकडे गेले होते. त्यांनी पाणी दिले, मी प्यायले. दोघीही काही बोललो नाही.

खुदा हाफिज.