विश्लेषण : गावाचे दप्तर उघडले, गावाच्या आठवणींचे काय?

कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत राज्यभरातील तहसील कार्यालये, शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालयांतील जुने रुमाल सोडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आणि गावचा पिवळा पडलेला कागद अचानक मोलाचा झाला. मात्र ज्या कागदातून दाखला मिळत नाही त्याचे काय होणार? आणि ज्या आठवणींचा कागदच कधी झाला नाही, त्या सांभाळण्याची जबाबदारी कोणाची?

जुन्या दप्तरांना आताच महत्त्व का?

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमण्यात आली. सुरुवातीला मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे राज्यभर विस्तारले आणि पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. या नोंदी सापडल्या त्या गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात, खासरा आणि पाहणी पत्रकांत, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. मराठवाड्यात त्यातील बराच भाग उर्दू-फारसीत, इतरत्र मोडीत. १९५० च्या दशकानंतर मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली. त्यामुळे आज पन्नाशीतल्या तलाठ्यालाही आपल्याच सज्जाचे जुने दप्तर वाचता येत नाही.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने प्रकरण थेट गावात आणले. ज्यांच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्यांनी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरील समितीने स्थानिक चौकशी करायची, अशी ही रचना आहे. आरक्षणाच्या अंगाने या निर्णयावर मोठा वाद आहे. तो येथे विषय नाही. इथला मुद्दा एवढाच की, गावात कोण कधीपासून राहते, कोणाची भावकी कोणती, हे आता सरकारही गावालाच विचारू लागले आहे. आणि गावाकडे त्याचे स्वतःचे असे दप्तर जवळपास नाहीच.

गावाचा इतिहास नेमका असतो कुठे?

तो एका जागी नसतो, हीच खरी अडचण आहे. महसुली कागद तालुक्याला, मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात, त्याआधीचे कागद पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातील महजर आणि सनदा वाटण्यांमध्ये विखुरलेल्या. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले ते असे घरातले कागद मिळवण्यासाठी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटली, तरी घरोघरच्या कागदांची मोजदाद झालेली नाही.

काही इतिहास दगडात आहे. वेशीबाहेरचे वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ हे एखाद्या लढाईचे, गुरे वाचवताना आलेल्या मरणाचे, दिलेल्या दानाचे पुरावे आहेत. अलिबाग तालुक्यातील आक्षी येथील शके ९३४ चा मानला जाणारा शिलालेख आद्य मराठी लेखांत गणला जातो आणि तो वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस झेलत होता. आक्षीचे नाव निदान अभ्यासकांना ठाऊक आहे. इतर हजारो गावांत जीर्णोद्धाराच्या वेळी वीरगळ पायात जातो, नाही तर शेंदूर आणि ऑइलपेंट चढून देव होतो. शेंदूर लागला म्हणून काही दगड वाचलेही, हे खरे. पण त्यावर काय कोरले होते ते झाकले गेले.

काही इतिहास वह्यांत आहे, पण त्या वह्या गावाच्या नाहीत. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. सांगली-कोल्हापूर आणि सीमाभागात हेळवी पूर्वी बैलावर वह्या घेऊन येत आणि घराण्याची कुळी वाचून दाखवत. मूळ गाव कोणते, कोणत्या दुष्काळात कोणते घर कुठून आले, हे त्यांच्या वहीत असे. हेळव्याचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला की त्या वहीला वाचक उरत नाही.

राहिले ते माणसांच्या डोक्यात. आणि तिथली मुदत सर्वांत कमी. १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर ऐन पंचविशीत खडी फोडणारे आता पंचाहत्तरी ओलांडून गेले. सुकडी कशी मिळे, कोणत्या तलावाच्या भिंतीवर कोणत्या गावची माणसे होती, कोण परत आले आणि कोण मुंबईलाच राहिले, हे हजेरीपटात सापडणार नाही.

कागदात कोण नाही?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. महसूल खात्यात राहून गाव पाहिलेल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक आजही गावच्या व्यवस्थेसाठी चाळावे लागते. पण ते कचेरीच्या बाजूने पाहिलेले गाव आहे, हे विसरता येत नाही. दप्तरात नाव येते ते जमीन, वतन, कर किंवा गुन्हा यांच्या निमित्ताने. ज्याच्याकडे जमीन नाही, तो दप्तरात क्वचित. भटक्या जमाती आल्या तर बहुधा चौकीच्या कागदात, म्हणजे आरोपी म्हणून. महार वतनाचे कागद आहेत, पण ते वतन काय काम करून घेत होते याची आठवण वतनदाराच्या घरात एक असते आणि पाटलाच्या वाड्यात दुसरी.

आणि बायका? सासरी आलेल्या बाईचे नाव बदलते, माहेरचे गाव कागदावरून पुसले जाते. सातबाऱ्यावर ती आली तर बहुतेक वेळा वारस म्हणून. तिने गाव कसे पाहिले, हे जात्यावर सांगितले गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे. आता हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ध्वनिमुद्रणांसह पाहता-ऐकता येतो. त्यात गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका नोंदलेला आहे. लोकगीत ‘अनामिक’ म्हणून छापून मोकळे होण्याची आपली जुनी सवय या संग्रहाने मोडली. डॉ. आंबेडकरांवरच्या असंख्य ओव्या त्यात आहेत. त्या त्या गावांच्या दप्तरात याचा मागमूस मिळणार नाही. पिठाची गिरणी गावात आल्यावर ओवी थांबली, तेव्हा हे काम दहा-वीस वर्षे उशिरा झाले असते तर बरेचसे हातातून गेले असते.

गावच हलले तर काय हलत नाही?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे मिळाली, रुंद रस्ते मिळाले. पण नव्या गावांची आखणी चौकोनी पट्ट्यांची होती. जुन्या गावातील गढी, पार, आळी, वेस यांना त्या आराखड्यात जागा नव्हती. शेजार बदलला. काहींच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, कारण जुना शेजार म्हणजे जातीप्रमाणे बांधलेली वस्तीही होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही नोंदवण्याजोग्या आहेत.

कोयना धरणाने उठवलेली कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगली. एका गावची माणसे तीन जिल्ह्यांत गेली की ग्रामदैवताची जत्रा कुठे भरवायची, हाच पहिला प्रश्न होतो. गोव्यातील कुर्डीचे उदाहरण बोलके आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव साळावली धरणाखाली गेले. प्राचीन महादेव मंदिर दगड सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. पाणी आटले की मे महिन्यात गाव वर येते आणि विस्थापित मंडळी तिथे जमतात. देवळाचा उत्सव होतो, चॅपेलचे फेस्तही होते. मंदिर पुरातत्त्वीय मोलाचे म्हणून हलवले गेले. आमचे घर इथे होते, विहीर तिथे, हे दाखवायला मात्र लोकांना दर वर्षी त्या चिखलात उतरावे लागते.

सरकारी योजना नाहीत का?

आहेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये ‘मेरा गाँव मेरी धरोहर’ हे संकेतस्थळ सुरू केले. देशातील साडेसहा लाख गावांची सांस्कृतिक माहिती त्यावर आणायचे लक्ष्य आहे आणि लाखो गावांची पाने तयारही झाली. माहिती गोळा करण्याचे काम सामायिक सेवा केंद्रांच्या चालकांकडे होते. गावाचे वैशिष्ट्य काय, प्रसिद्ध व्यक्ती कोण, सण, पदार्थ, दागिने, दंतकथा असे ठरावीक रकाने भरायचे. गावाला पर्यावरण, हस्तकला, पुराणकथा, इतिहास, वास्तू अशा एखाद्या गटात बसवायचे. सुरुवात म्हणून हे वाईट नाही. पण रकाना भरणाऱ्याने कोणाला विचारले, हे पानावरून कळत नाही. सरपंचाने सांगितलेला इतिहास आणि गावकुसाबाहेरच्या आजीने सांगितलेला इतिहास एकच असेल, असे गृहीत धरणारा हा तक्ता आहे.

स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आहे आणि घरमालकांना सनद मिळते. त्यातून गावठाणाचे अचूक नकाशे पहिल्यांदाच तयार झाले. त्यावर मिळकतीचा क्रमांक येतो; चावडीची जागा, तालमीचा चौक, बुजवलेली बारव ही नावे त्यावर लिहिण्याची सोय गावाने केली तरच होईल. तुलनेने सोपे काम, पण कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

लोकजैवविविधता नोंदवहीचा अनुभव इथे आठवावा. जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांच्या तोंडून झाडे, पिके, औषधी वनस्पती यांचे ज्ञान नोंदवायचे, ही कल्पना उत्तम होती. वर्षानुवर्षे काम रेंगाळले आणि राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत व दंडाची तंबी दिल्यावर धावपळ झाली. घाईत, गावात न बसता नोंदवह्या उरकल्याच्या तक्रारी आल्या. स्मृती नोंदवहीचेही वरून फर्मान निघाले, तर वेगळे काही होण्याचे कारण दिसत नाही.

आठवणी परस्परविरोधी असतील तर?

असणारच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पत्त्यावर जात लिहावी लागणे हा अपमान होता. पण जुने नाव कागदावरूनही पुसले, तर तिथे राहिलेल्या माणसांनी काय सोसले याचा पुरावा पुसला जातो. पाटीवरून नाव काढणे वेगळे आणि नोंदवहीत ‘पूर्वीचे नाव’ म्हणून ठेवणे वेगळे.

गावाच्या स्मरणिकेत बहुधा भांडण नसते. देवळाचा सभामंडप, देणगीदारांची यादी, सैन्यात गेलेल्यांची छायाचित्रे असतात. पाणवठ्याचा तंटा, बहिष्कार, दंगल, कोणत्या निवडणुकीत गाव दुभंगले, हे सगळ्यांना माहीत असते आणि म्हणूनच लिहिले जात नाही. यावर उपाय एकच कथा ठरवण्याचा नाही. कोणी सांगितले, कधी सांगितले, त्या वेळी सांगणाऱ्याचे वय काय होते, हे लिहून दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात. जिवंत माणसांच्या अब्रूचा प्रश्न असेल, तर ध्वनिमुद्रण काही वर्षे बंद ठेवण्याची अट सांगणाऱ्याने घालावी आणि ती पाळावी. संग्रहालये हे नेहमी करतात.

ग्रामपंचायतीला काय करता येईल?

नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त हाच गावाचा पहिला इतिहास आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, त्याची दखल राज्याने घेतली. तो ठराव ज्या वहीत आहे ती वही शंभर वर्षांनी अमूल्य ठरेल. अशा वह्या आज अनेक ठिकाणी कपाटाखाली, वाळवीच्या तोंडी आहेत. सरकारी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायम जतन करायचे आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचे. कोणती वही कशात जाते, यावर गावाचा इतिहास टिकणार की रद्दीत जाणार हे ठरते. ग्रामसभेने नष्ट करण्याच्या यादीवर एकदा नजर टाकावी, एवढे तरी मागता येते.

पैशांचे म्हणाल तर १५ व्या वित्त आयोगाच्या रचनेत ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा ४० टक्के भाग अबंधित होता, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्च करण्याजोगा. एक लोखंडी कपाट, कागद सपाट ठेवायला खोकी, एक हार्डडिस्क आणि तिची दुसरी प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात, याला लाखांत खर्च येत नाही. ध्वनिमुद्रण कोणत्याही मोबाइलवर होते. घरातले मूळ कागद मात्र पंचायतीने ताब्यात घेऊ नयेत. छायाचित्र काढून कागद घरच्यांना परत द्यावा. नाही तर जमिनीच्या वादाच्या भीतीने कोणी पेटी उघडणार नाही.

विचारायचे कोणाला, हेही आधी ठरवावे लागते. वयाने सर्वांत मोठे पाच जण, त्यात निम्म्या बायका, गावठाणातले आणि वस्तीवरचे दोन्हीकडचे, शिवाय गाव सोडून पुण्या-मुंबईत किंवा सुरतेत स्थिरावलेले दोघे. प्रश्नही ‘गावाचा इतिहास सांगा’ असा नको. त्याला उत्तर म्हणून शिवकाळच येतो. पाणी कुठून आणत होता, वीज कोणत्या घरात आधी आली, पहिल्यांदा शाळेत गेलेली मुलगी कोण, एसटी कोणत्या साली सुरू झाली, ओढ्याला पूर आला तेव्हा कोण वाहून गेले, असे विचारले की तास अपुरा पडतो.