बोटीचे इंजिन पोहोचवणे हेही मदतकार्यच

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच धरणाचे दरवाजे उघडले आणि कन्हान नदीचे पाणी मौदा, कामठी, पारशिवनी तालुक्यांतील गावांत शिरले. तेव्हापासून आमच्या मौद्यात पूरमदतीची चर्चा निघाली की बोटीचा विषय येतोच. वर्गणी जमते, बोटही मिळते. पण तिचे इंजिन गाडीतून न्यायचे कसे, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. नागपूरहून एक छोटे फोर-स्ट्रोक इंजिन मी कारच्या डिकीत, जागा मिळेल तसे आडवे टाकून आणले. मौद्यात पोहोचेपर्यंत त्यातले ऑइल सिलिंडरमध्ये उतरले होते. सुरू करायची दोरी ओढली, तर ती हलेना. चूक माझीच. कोणत्या कुशीवर ठेवायचे, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते.

काळजी साधीच आहे. आधी इंजिन उभे धरून आतले पाणी निथळू द्यावे. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. मग सांगितलेल्याच कुशीवर, खाली गादी घालून, वरचा भाग पंख्याच्या टोकापेक्षा उंच राहील असे ठेवून पट्ट्याने बांधावे. पेट्रोलचा डबा बंद गाडीत ठेवू नये, वाफ साचते.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राम बिघडला, तर जुना परत लावता येतो. पुरात अडकलेल्या घरापर्यंत जायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून बोटीसाठी वर्गणी काढणाऱ्या प्रत्येक गटाने पावसाळ्यापूर्वी किमान चार जणांकडून सराव करून घ्यावा: इंजिन गाडीत ठेवायचे, नदीकाठी न्यायचे, बोटीला लावून सुरू करायचे. त्याला एक रविवार पुरतो.