नारंगी वाईन, देशी संत्रा आणि आत्याचा रांजण

आमच्या गंगाखेडकडे ‘संत्रा’ म्हटलं की कुणाला फळ आठवत नाही. संत्रा म्हणजे देशी दारूची बाटली. आत संत्र्याचा थेंब नसतो. असते मळीची स्पिरिट, पाणी आणि वास. म्हणून गेल्या हिवाळ्यात न्हावा-शेव्याकडे कंटेनर खाली करताना बारा बाटल्यांचं खोकं माझ्या खांद्यावर आलं आणि क्लार्क ओरडला, ‘हळू रे, ऑरेंज वाईन आहे,’ तेव्हा मी फिस्सकन हसलो. म्हटलं, च्यायला, साहेबलोकांचाबी संत्राच!

क्लार्क भला माणूस. त्यानं समजावलं, उरलेलं मी वाचून काढलं. हिच्यातही संत्रं नाही. पांढरी द्राक्षंच. एरवी पांढऱ्या वाईनसाठी रस काढून साल बाजूला टाकतात. इथं साल-बियांसकट आंबवतात. आठवडे, कधी महिने. सालीचा रंग उतरतो, तुरटपणा उतरतो. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, सालीवरचंच कामाला लागतं. म्हणून ती ‘नैसर्गिक’. जॉर्जिया देशात यासाठी मातीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. क्वेव्री म्हणतात त्याला. तिथं आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाईनच्या खुणा सापडल्यात. २०१३ मध्ये युनेस्कोनं ही रीत मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. इटलीतल्या ओस्लाव्हियाचा योश्को ग्राव्हनर २००१ पासून असेच रांजण पुरून वाईन करतो, आणि जगभरचे शौकीन ती जपून पितात.

जमिनीत पुरलेला रांजण! हे वाचलं आणि मला माझी आत्या दिसली.

आत्याचाही रांजण पुरलेला होता. गोदावरीच्या कडेला, वेड्या बाभळीत. त्यात गूळ, पाणी, नवसागर. नवरा ऊसतोडीत खपला, पदरात तीन लेकरं, जमीन वीतभर नाही. मी बोललो तर म्हणायची, ‘लेकरायला काय माती चारू का?’ एका पहाटे पोलीस आले. काठीनं रांजण फोडला. पंचनाम्यात लिहिलं, ‘गूळमिश्रित कच्चे रसायन जागीच नष्ट केले.’ दारूबंदी कायदा, कलम ६५. आत्या गाडीत.

दोस्तांनो, शब्द बघा. त्यांच्या रांजणात आंबतं ती संस्कृती. आमच्या रांजणात आंबतं ते रसायन.

कुणी शहाणा म्हणेल, वाईन नुसती आंबवतात, तुझी आत्या उकळून वाफ धरत होती. आणि नवसागर कुठला नैसर्गिक? मान्य. मग गोव्याची काजू फेणी? तीही वाफेचीच. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे वाफेचा गुन्हा नाही. गुन्हा वाफ धरणाऱ्या हाताचा आहे.

मी हातभट्टीची आरती ओवाळत नाही. माझा बाप दारूनंच गेला. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. त्यात मिथेनॉल होतं, कारखान्यात लागतं ते. मेलेले आपल्यासारखेच होते, रोजावर जगणारे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मी पाळतो. पण त्याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. दोन्हींत विसंगती शोधणाऱ्यांनी डोकं चालवावं. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. काठी दुसऱ्याच्या हातात असते, आणि ती कुणाच्या रांजणावर पडायची हे आधीच ठरलेलं असतं.

सरकारचं ठरलेलंच आहे. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण काढलं. इथल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं ठरवलं, हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकू द्यायची. ओरड झाली, प्रकरण रखडलं. पण तेव्हाचं पुढाऱ्यांचं बोलणं विसरू नका. वाईन म्हणजे दारू नव्हे म्हणे! मग आत्याच्या रांजणात काय होतं, सरबत?

आता त्या बाटलीवरची चिठ्ठी वाचा. तिची किंमत माझी आठवड्याची हजेरी. चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या: कुटुंबाचा मळा, सेंद्रिय शेती, हातानं खुडलेली द्राक्षं.

हात कुणाचे ते लिहिलेलं नव्हतं. खुडणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर कधीच नसतं.

कुटुंब? आमचंही कुटुंबच राबतं. परभणी, बीडहून दसरा-दिवाळीला ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’. दोन माणसांचं एक हत्यार! तो कोयता ऊस तोडतो, उसाची मळी होते, मळीची स्पिरिट होते, स्पिरिटीचा ‘संत्रा’ होतो, आणि तो संत्रा आमच्याच गावात परत येऊन कोयत्याची उचल गिळतो. कारखाना पुढाऱ्याचा, दुकान लायसनचं, मढं आमचं. याला कुठला पंचनामा नाही.

आणि मळा? खरी गोम इथंच आहे. रांजण दोघांचाही मातीचाच. फरक तो ज्या जमिनीत पुरलाय तिचा. त्याच्या मळ्याला त्याच्या नावाचा कागद आहे. आत्याचा रांजण परक्या जमिनीत होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते याच कागदासाठी. १९९१ मध्ये गायरानावरची जुनी अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय निघाला. तरी मराठवाड्यात गायरान कसणारे कितीतरी लोक अजून सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघतायत.

तेव्हा पोरांनो, काचेच्या ग्लासाला भुलू नका आणि भट्टीचाही अभिमान धरू नका. आम्हाला दारूचं लायसन नको. आत्याला दोन एकर द्या, विहीर द्या. ती रांजण पुरणार नाही, तूर पेरेल. आणि ते देत नसाल तर तिच्या दारात कायदा शिकवायला येऊ नका.

ती खोकी मी परवाही उतरवली. अलगद, लेकरू ठेवावं तशी. एक बाटली फुटली तर हजेरी कापतात.

आत्याचा रांजण फोडला तेव्हा कुणाची कापली होती?