नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

परवा रामलिंगाच्या येडशीला एका बारशाला जाण्याचा योग आला. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांच्या ओटीत घुगऱ्या, आणि कानात 'कुर्रर्र' करण्याचा मान अर्थातच आत्याबाईंचा! त्यांनी 'आनंदी' असे नाव सांगितले, रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे खाल्ले, आणि मंडळी हसली.

बाळंतीण मात्र हसली नाही. मला म्हणाली, "सर, शाळेच्या कागदावर आता आईचंबी नाव येतंय म्हणं?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितले, की होय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव, असा महाराष्ट्रात नियम झाला आहे.

"माझं नाव नकोशी हाय, सर."

माझा अभिमान जागच्या जागी विरला. आनंदी नकोशी! आजोबांनी चौथ्या लेकीवर काढलेला राग नातीच्या नावाला येऊन चिकटणार होता.

मूल जगत नाही म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची आपली जुनी रीत. तीत निदान माया होती. ओंगळ नाव ऐकून काळाने पुढच्या घरी जावे, एवढीच इच्छा. 'नकोशी' हे नाव पोरीचे नव्हेच. पुढच्या खेपेला मुलगा दे, असा तो देवाला धाडलेला निरोप! मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे. इथे तेवढेही उरले नव्हते.

आइसलंडात १९९१ पासून नावांची समिती आहे. नवे नाव तिच्यापुढे ठेवावे लागते. आपल्याकडे आईबाप सांगतील ते नाव नोंदवहीत चढते. म्हणून तर २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचे समारंभाने नामांतर करावे लागले.

मी तिला म्हणालो, "आपल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद २०२३ साली राजपत्राने धाराशिव झाले. त्याच राजपत्रात तुमचेही नाव बदलता येते. अर्ज मी भरून देतो. नाव कोणते घेणार?"

ती गोंधळली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तेवढ्यात तिच्या वन्सं पाळण्यापासून उठल्या, वाकल्या, आणि भावजयीच्या कानात त्यांनी हळूच 'कुर्रर्र' केले.

नाव मला ऐकू आले नाही. अर्ज भरायला बसेन, तेव्हा कळेलच.