विश्लेषण : मेट्रोचे रूळ ‘अखंड’ कसे होतात? कसबा पेठेखालच्या भुयारात थर्मिट वेल्डिंग का महत्त्वाचे?

कसबा पेठ स्थानकातून स्वारगेटकडे जाणाऱ्या मेट्रोत रेल्वेगाडीची ओळखीची ‘खटक-खटक’ ऐकू येत नाही. कारण या मार्गावरचे रूळ एकमेकांना बोल्टने जोडलेले नसून वेल्डिंगने एकसंध केलेले असतात. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. आता हीच मार्गिका स्वारगेटपासून कात्रजपर्यंत जमिनीखालून वाढणार आहे. नवे रूळ जिथे जुन्या रुळांना भेटतात, तिथला सांधा हा कोणत्याही मार्गावरचा नाजूक भाग असतो. हा सांधा जोडण्याची एक पद्धत सव्वाशे वर्षे जुनी आहे आणि आजही तिला पूर्ण पर्याय मिळालेला नाही. तिचे नाव थर्मिट वेल्डिंग.

रूळ जोडावेच का लागतात?

पोलाद कारखान्यातून रूळ ठरावीक लांबीचे येतात. भारतीय रेल्वेत अनेक वर्षे १३ मीटर ही नेहमीची लांबी होती. या हिशेबाने एक किलोमीटरच्या एका रुळात सुमारे ७७ सांधे येतात, दोन्ही रूळ धरले तर दीडशेहून अधिक. पूर्वी हे सांधे फिशप्लेट नावाच्या लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडत. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतो, म्हणून दोन टोकांत थोडी फट ठेवत. प्रत्येक चाक त्या फटीवर आपटे आणि ‘खटक’ आवाज येई. त्या आघाताने रुळाची टोके झिजत, बोल्ट सैल होत, खालची खडी खचत असे. रुळाच्या देखभालीचा मोठा खर्च या सांध्यांवरच होई.

वेल्डिंगने फट नाहीशी झाली. भिलाई पोलाद प्रकल्पातून आता २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळही येतात. जागेवर ते पुन्हा एकमेकांना जोडले की सलग रूळमार्ग तयार होतो.

थर्मिट वेल्डिंग म्हणजे नेमके काय?

कसबा पेठेतल्या तांबट आळीत दोन तुकडे जोडताना डाख लावतात. डाखाचा धातू वेगळा असतो आणि तो तांब्याआधी वितळतो. रुळाला असा डाख चालत नाही. तिथे रुळासारखेच पोलाद वितळवून दोन टोकांच्या मधे ओतावे लागते. पण रुळावर, रात्रीच्या वेळी, जमिनीखाली पोलाद वितळवणारी भट्टी आणायची कुठून?

थर्मिटमध्ये भट्टीची गरजच लागत नाही. लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण वजनाने साधारण तीनास एक या प्रमाणात घेतात. ते पेटवले की ॲल्युमिनियम लोहाकडचा ऑक्सिजन ओढून घेते. त्यातून प्रचंड उष्णता निर्माण होते आणि मिश्रण सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. लोखंड १५३८ अंशांना वितळते, त्यामुळे मुशीत काही सेकंदांत वितळलेले पोलाद तयार होते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची मळी हलकी असल्याने वर तरंगते, पोलाद तळाशी राहते. रुळाच्या पोलादाशी गुण जुळावेत म्हणून मिश्रणात कार्बन, मँगनीज असे घटकही मोजून घातलेले असतात.

या क्रियेला बाहेरची वीज लागत नाही आणि हवेतला ऑक्सिजनही लागत नाही. म्हणूनच ती घाटात, पुलावर आणि भुयारातही करता येते. पण एकदा सुरू झाली की ती थांबवताही येत नाही. त्यावर पाणी टाकणे तर धोक्याचेच, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू उसळतो.

ही पद्धत आली कुठून?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. १८९९ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडण्यात आले. भारतीय रेल्वेचा थर्मिट मिश्रण बनवणारा स्वतःचा कारखाना लखनऊला आहे. या वेल्डिंगचे नियमही लखनऊच्याच आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने घालून दिले आहेत.

एक सांधा तयार होताना काय घडते?

आधी दोन टोकांत २५ मिलिमीटरची फट सोडतात. त्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, जास्त नाही. टोकांवरचा गंज आणि तेलकटपणा काढतात. मग एक मीटरची सरळ पट्टी लावून दोन्ही रूळ एका रेषेत आणतात. टोके मुद्दाम किंचित उंच ठेवतात, कारण सांधा थंड होताना आक्रसतो आणि खाली बसतो.

त्यानंतर फटीभोवती वाळूचे साचे बसवून कडा ओल्या वाळूने लिंपतात. ज्योतीने रुळाची टोके तापवतात. भारतीय रेल्वेच्या रूढ पद्धतीत हे तापमान सुमारे ६०० अंश असते. टोके थंड राहिली तर ओतलेले पोलाद त्यांच्याशी एकजीव होत नाही. मग साच्यावर मूस ठेवून मिश्रण पेटवतात. साधारण २० सेकंदांत क्रिया पूर्ण होते, मुशीच्या तळाचे बूच वितळते आणि पोलाद साच्यात उतरते.

चार ते सहा मिनिटांनी साचा काढतात, वरचे जादा पोलाद गरम असतानाच छाटतात आणि रुळाचा माथा घासून सपाट करतात. पोलाद ओतल्यापासून किमान अर्धा तास त्यावरून गाडी जाऊ देत नाहीत. तयारी धरून एका सांध्याला तासाभराहून अधिक वेळ लागतो.

मग मेट्रोत हीच पद्धत सगळीकडे वापरतात का?

नाही. देशातल्या मेट्रो मार्गांवर बहुतेक सांधे ‘फ्लॅश बट’ वेल्डिंगने होतात. त्यात यंत्र रुळाची दोन टोके पकडते, त्यांतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून ती तापवते आणि एकमेकांवर दाबते. बाहेरचा धातू येत नाही, दाब आणि वेळ यंत्र मोजते. असा सांधा थर्मिटपेक्षा अधिक भरवशाचा मानला जातो. थर्मिटचा सांधा ओतीव असतो, त्यात बारीक पोकळ्या किंवा मळी अडकण्याची शक्यता राहते.

तरीही थर्मिट पूर्णपणे हद्दपार होत नाही, याला दोन कारणे आहेत. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांधेबदलाच्या जागी यंत्राचा जबडा बसत नाही. दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. फ्लॅश बटमध्ये दोन्ही टोके वितळून दाबली जातात, म्हणजे रुळाची थोडी लांबी खर्च होते. त्यासाठी निदान एक रूळ पुढे सरकवता यावा लागतो. दोन्ही बाजूंचे रूळ पक्के बसलेले असतील आणि मधला शेवटचा सांधा उरला असेल, तर ओढायला काही राहत नाही. तिथे फट भरून काढणारी पद्धतच हवी. तडा गेलेला रूळ कापून तुकडा बसवतानाही हीच अडचण येते.

स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. असा नवा मार्ग चालू मार्गाला जोडताना एका बाजूचे रूळ रोजच्या वाहतुकीत असतात. काम करायला मिळते ते रात्री गाड्या बंद झाल्यावर आणि पहाटेची पहिली गाडी निघण्याआधी. त्यातच वीजपुरवठा बंद करणे, सामान भुयारात नेणे, धूर बाहेर काढणे आणि सांधा थंड होऊ देणे, हे सगळे बसवावे लागते.

भुयारातल्या आणि उन्हातल्या रुळात फरक काय?

एक किलोमीटर मोकळा रूळ तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे ३४ सेंटिमीटर लांबतो. जखडलेल्या रुळाला लांबता येत नाही, त्यामुळे तो ताण रुळातच साठतो. ६० किलो वजनी रुळात (म्हणजे मीटरला ६० किलो) हा जोर दर अंशाला जवळपास दोन टन, म्हणजे ३० अंशांना सुमारे ५७ टन होतो. उन्हाळ्यात रूळ वाकण्याची भीती असते, थंडीत तो आक्रसून सांध्याला दोन्हीकडून ओढतो. हिवाळ्याच्या पहाटे ‘रुळाला तडा, लोकल विस्कळीत’ अशा बातम्या मुंबईत वाढतात, त्यामागे हेच कारण असते.

पुण्यातल्या याच मार्गिकेवर पिंपरीकडचा भाग उन्नत, उन्हात आहे आणि शिवाजीनगरपासून पुढे भुयार आहे. भुयारात तापमान फारसे बदलत नाही, त्यामुळे तिथल्या सांध्यावर हा ताण कमी. पण भुयारात दुसरा प्रश्न येतो, तो कंपनांचा. रेल्वेच्या नियमानुसार नव्या थर्मिट सांध्याचा माथा एक मीटरच्या पट्टीखाली जास्तीत जास्त एक मिलिमीटर उंच चालतो, खाली गेलेला अजिबात चालत नाही. सांधा खोल राहिला तर प्रत्येक चाक तिथे आपटते. भुयारात रुळाखाली खडीऐवजी काँक्रीट असते, त्यामुळे तो धक्का शोषण्याचे काम रुळाखालच्या रबरी पॅडवर येते. उरलेला धक्का काँक्रीट आणि जमिनीतून वर पोहोचतो. कसब्यात वर दाट वस्ती आणि जुने वाडे आहेत. त्यामुळे इथे सांध्याची सफाई ही गाडीतल्या प्रवाशाबरोबर वर राहणाऱ्या पेठकऱ्याच्याही सोयीची गोष्ट ठरते.

सांधा चुकला तर?

वाईट सांधा अनेकदा वरून चांगलाच दिसतो. साचा दमट असेल तर वाफेने आत पोकळी राहते. टोके नीट तापली नाहीत तर पोलाद चिकटल्यासारखे दिसते, एकजीव झालेले नसते. अशी खोट गाड्यांच्या फेऱ्यांबरोबर वाढत जाते आणि एके दिवशी रूळ तुटतो. तुटलेला रूळ काय करू शकतो, हे पंजाबमधल्या खन्ना येथे २६ नोव्हेंबर १९९८ रोजी दिसले. रूळ तुटल्याने एका गाडीचे डबे घसरले, त्यांवर दुसरी गाडी आदळली आणि २०० हून अधिक प्रवासी दगावले.

म्हणून प्रत्येक सांध्याची अल्ट्रासोनिक तपासणी होते. ध्वनिलहरी पोलादात सोडल्या की आतली पोकळी किंवा भेग प्रतिध्वनीवरून कळते. नापास सांधा कापून काढतात. ही तपासणी पुढेही ठरावीक काळाने चालू राहते. भारतीय रेल्वेत प्रत्येक थर्मिट सांध्यावर महिना, वर्ष, काम करणारी संस्था, वेल्डरचा सांकेतिक क्रमांक आणि सांध्याचा क्रमांक उमटवण्याचा नियम आहे. वर्षांनंतर सांधा तुटला तरी तो कोणी आणि केव्हा केला, हे शोधता येते. वेल्डरला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय हे काम करता येत नाही.

पुढे काय?

रेल्वे आणि मेट्रो दोन्हीकडे धोरण एकाच दिशेने जात आहे. लांब रूळ मागवायचे, जमतील तेवढे सांधे यंत्राने करायचे आणि थर्मिट फक्त अटळ जागी वापरायचे. थर्मिटचे सांधे संख्येने कमी होतील, पण जे उरतील ते सांधेबदल, दुरुस्ती आणि जुन्या-नव्या मार्गांच्या जोडणीचे, म्हणजे मार्गावरच्या सर्वांत अवघड जागांचे असतील. तिथे पोलाद २० सेकंदांत तयार होते, पण सांधा टिकणार की नाही हे त्याआधीच्या अर्ध्या तासात ठरते. साचा कोरडा होता का, फट मोजली होती का, टोके पुरती तापली होती का, हे प्रश्न कात्रजच्या मार्गावरही लागू राहतील. त्यासाठी कुशल वेल्डर आणि रात्रीचा पुरेसा वेळ, दोन्ही लागतात. पहाटेच्या पहिल्या गाडीच्या घाईत हा वेळ कापला जाणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी नियोजनावर आहे.