लक्ष कुठे आहे तुझं?



"लक्ष कुठे आहे तुझं?" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. लहानपणी आपण ते ऐकून घेतो, मोठेपणी दुसऱ्याला ऐकवतो. सिल्वासात सुताच्या कारखान्यात नोकरी करताना मीही ते अनेकांना ऐकवलं. त्यातला एक प्रसंग अजून मनात आहे. तेव्हा माझं काय चुकलं, ते निवृत्तीनंतर अ‍ॅन ट्रीसमन या मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचताना कळलं. म्हणून आज त्यांची ओळख.

ट्रीसमन बाईंचा जन्म १९३५ साली इंग्लंडमधल्या वेकफिल्डचा. केंब्रिजला त्यांनी फ्रेंच साहित्याची पदवी पहिल्या वर्गात मिळवली, मग मानसशास्त्राकडे वळल्या आणि १९६२ साली ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट घेतली. सुरुवातीचं त्यांचं काम ऐकण्यावर होतं. माणसाच्या एका कानात एक मजकूर, दुसऱ्या कानात दुसरा, आणि त्याने एकाच कानातला मोठ्याने म्हणत जायचा. नको असलेला आवाज मेंदू दारातच अडवतो, असं तेव्हाचं प्रसिद्ध मत होतं. बाईंनी दाखवलं की दार पूर्ण बंद होत नाही, आवाज फक्त बारीक होतो. आरतीआधीच्या गलक्यात कोणी लांबून आपलं नाव घेतलं तरी कान टवकारतात, ते त्यामुळेच.

पुढे त्या पाहण्याकडे वळल्या. त्यांचा गाजलेला प्रयोग घरी करून बघता येईल. ताटात बऱ्याच हिरव्या टिकल्या पसरा आणि त्यात एक लाल टाका. लाल टिकली शोधावी लागत नाही, तीच डोळ्यांत भरते. हिरव्या दहा असोत की चाळीस, फरक पडत नाही. आता ताटात लाल लांबट आणि हिरव्या गोल टिकल्या मिसळा आणि त्यात एकच लाल गोल टाका. आता मात्र नजर एकेका टिकलीवर फिरवावी लागते. टिकल्या वाढल्या की वेळही वाढतो.

ट्रीसमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० साली रंगीत अक्षरं वापरून हेच मोजलं. शोधायचं अक्षर तिथे नसेलच, तर प्रत्येक जादा अक्षरामागे वाढणारा वेळ साधारण दुपटीने जास्त होता. कारण उघड आहे. "नाही" म्हणण्याआधी सगळं पाहून व्हावं लागतं. यावरून बाईंनी सिद्धांत मांडला, की रंग, आकार, रेघेचा कल हे मेंदू वेगवेगळे आणि एकदम टिपतो. पण हा रंग या आकाराचा, अशी सांगड घालायला लक्ष लागतं, आणि ते एका वेळी थोड्याच जागी पुरतं. पुढे इतरांनी त्यात दुरुस्त्या केल्या. काही जोड्या बऱ्याच लवकर सापडतात असंही दिसलं. पण मूळ प्रश्न त्यांचाच राहिला.

लक्ष पुरलं नाही तर सांगड चुकते. १९८२ च्या प्रयोगात क्षणभर दाखवलेल्या अक्षरांपैकी एकाचा रंग दुसऱ्याला लावून लोक खात्रीने सांगत होते. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या वरच्या भागाला इजा झालेल्या एका रुग्णाला तर अक्षरं कितीतरी सेकंद समोर असूनही रंगांची अदलाबदल दिसे. ती मंडळी खोटं बोलत नव्हती. त्यांना तसंच दिसत होतं.

आता माझा प्रसंग. सुताच्या बॉबिनच्या कागदी नळीवर लॉट ओळखायला खुणा असतात. एकदा परत आलेल्या मालाचा ढीग पडला होता. त्यात लाल टोकाच्या साध्या नळ्या होत्या आणि हिरव्या टोकाच्या, पट्टा असलेल्या. त्यात चुकून मिसळलेल्या लाल टोकाच्या, पट्टेवाल्या नळ्या बाजूला काढायच्या होत्या. खानवेलकडून येणाऱ्या एका ताईंना मी ते काम दिलं, वर घाईही केली. एक बॉबिन राहून गेली. कापड रंगवल्यावर त्यात पट्टे उठले आणि तक्रार आली. ताई म्हणाल्या, "साहेब, मी नीट बघितलं होतं." मी म्हणालो, "लक्ष कुठे होतं?" आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापायला लावला.

पुढच्या वेळी तसाच ढीग आला तेव्हा ताईंनीच विचारलं, "आधी लाल टोकाच्या सगळ्या वेगळ्या करू का?" केल्या. मग लालमध्ये पट्टेवाली आपोआप दिसू लागली. दोन खुणांचा शोध त्यांनी एकेका खुणेचा करून टाकला होता. तेव्हा मला वाटलं, बाई आता लक्ष देऊ लागल्या.

ट्रीसमन बाई १९७८ मध्ये पती डॅनियल काहनमन यांच्याबरोबर कॅनडात व्हँकुव्हरला गेल्या, १९८६ मध्ये बर्कलीला आणि १९९३ मध्ये प्रिन्स्टनला. काहनमन यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बाईंना अमेरिकेचं २०११ चं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं, ते २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामांच्या हस्ते. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यांचं निधन झालं.

मंडळी, नातवाला वहीतली चूक दिसली नाही, सुनेला फडताळातला डबा सापडला नाही, तर ते वाक्य तोंडात येतंच. त्याआधी एकदा बघावं, की आपण शोधायला काय सांगितलंय आणि ते कशात मिसळलंय. थोडं आवरून दिलं तर तेच डोळे तेच काम सहज करतात.

ताईंनी काम सोडून आता बरीच वर्षं झाली. तो अर्ध्या दिवसाचा पगार मी त्यांना परत मिळवून दिला नाही.