अर्ध्या क्विंटलाचा फरक

दिग्रससारख्या गावात बुलेटवाला माणूस दिसण्याआधी ऐकू येतो. पस्तीसहून अधिक वर्षे मीही असाच ऐकू येत होतो. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली ती साडेतीनशे सीसीची गाडी मी १९८८ साली घेतली. गेल्या वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती विकून स्प्लेंडर आणली. तेव्हापासून भेटेल तो तब्येतीची चौकशी करतो, तीही घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून!

तब्येत ठणठणीत आहे. ती तशी असतानाच मी गाडी बदलली, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्याकडे वय झालेल्या गाडीवाल्यापुढे दोनच वाटा असतात. पोरे म्हणतात, "बाबा, गाडी बंद करा, कुठं जायचं ते आम्हाला सांगा." बाबा इरेला पेटून तीच जड गाडी दामटत राहतात. मग एक दिवस पडतात, आणि पोरांचे म्हणणे खरे ठरते. हलकी गाडी घ्यावी, हे दोघांनाही सुचत नाही. बाबांना सुचले तरी चारचौघांत ते कमीपणाचे वाटते.

कापूस विकणाऱ्या मुलखात वजन क्विंटलातच सांगावे. जुनी बुलेट पावणेदोन क्विंटलाच्या आसपास भरते, स्प्लेंडर सव्वा क्विंटलाच्याही आत. फरक अर्ध्या क्विंटलाचा, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याचा. गंमत अशी, की पुसदच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने जाताना हे पोते जाणवतच नाही; उलट जड गाडी जमीन धरून चालते, शेजारून ट्रक गेला तरी हलत नाही. पोते जाणवते ते गाडी उभी असताना. मेन स्टँडवर चढवताना, उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना, बाजाराच्या गर्दीत वळवताना.

माझी गाडी पडली तीही उभ्या उभ्याच. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्याजवळ थांबलो, डावा पाय काळ्या मातीत सरकला आणि गाडी सावकाश आडवी झाली. मला खरचटलेही नाही. पण ती काही उचलेना. पाऊण तास धुऱ्यावर बसून होतो. अखेर गुरे राखणारी दोन पोरे आली. गाडी उभी करून त्यातला एक म्हणाला, "काका, हे आता तुमाले नाई झेपत." राग आला. पण पोरगा खोटे काय बोलला होता?

किकचेही तेच. अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढायचा आणि मग एकच दमदार किक. चुकली की ती उलटी पायावर येणार. चाळिशीत या विद्येचा मला भारी अभिमान होता.

मात्र हलकी गाडी म्हणजे सोपी गाडी, असे कुणी समजू नये. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. नव्या गाडीत नेमके उलट. पहिल्याच आठवड्यात कुत्रे आडवे आले, मी सवयीने डावा पाय दाबला आणि गाडी थांबण्याऐवजी गिअर बदलला. कुत्रे वाचले ते त्याच्या चपळाईने. त्यानंतर महिनाभर रोज पहाटे अरुणावती धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन मी नुसता ब्रेक मारायला शिकलो. पोरांनी बिनगिअरची स्कूटर सुचवली होती. पण दहा-बारा इंची चाके आमच्या खड्ड्यांत बुडायची. मोटारसायकलचे अठरा इंची चाक तो खड्डा ओलांडून जाते.

पंचावन्नीनंतर लायसन्सचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते, डॉक्टरचा दाखलाही लागतो. पण त्या लायसन्सवर शंभर सीसीची गाडीही चालते आणि साडेतीनशेचीही. पडलेली गाडी तुम्हाला उचलता येते का, हे कुणी विचारत नाही. ते आपले आपणच, अंगणात, कुणी बघत नसताना पाहून घ्यायचे.

माझी बुलेट गावातल्याच एका तरुणाने घेतली. संध्याकाळी कधी तिचा आवाज येतो. "तुमची गाडी चालली वाटतं," सौ. म्हणते. मी चहाचा कप खाली ठेवतो. तिला मागे बसायला पूर्वी ओट्याची पायरी लागायची, आता लागत नाही. भाजी आणायला आम्ही दोघेही जातो.